पहिल्या घोळीचं डोकं

या हिवाळ्यात डोकं आपल्यालाच मिळणार, याविषयी बिहीच्या मनात काडीचीही शंका नव्हती. प्रश्न होता तो उजव्या खांद्याचा. तोवर तो धड राहतो की नाही, एवढंच काय ते बघायचं होतं.

डोकं म्हणजे घोळीचं डोकं. हिवाळ्यात पाणी गढूळ झालं की घोळ मासा इमी गावच्या कड्याखाली येतो, उभा धरला तर माणसाच्या कमरेला लागेल एवढा. त्या मोसमातली पहिली घोळ ज्याच्या गळाला लागेल त्याने धड न्यावं, पण डोकं कापून कड्याखाली उतरणाऱ्यांत जो वयाने सगळ्यात थोरला असेल त्याच्या हातात द्यावं, अशी इथली रीत. थोरल्याने ते घरी नेऊन शिजवून खायचं आणि दुसऱ्या दिवसापासून खाली उतरायचं नाही. कड्यावरच्या सपाट दगडावर किटली घेऊन बसायचं. खालून वर येणारा प्रत्येक जण त्याच्या टोपलीत एक मासा टाकणार, तो जिवंत असेपर्यंत. दगड एकच, त्यामुळे त्यावर बसलेला असेपर्यंत दुसऱ्या कोणाला डोकं मिळत नाही. फक्त डोकं तोंडाने मागायचं नाही. मागितलं की हक्क गेला. आणि डोकं न मिळताच जो घरी बसला त्याच्या टोपलीत कोणी शेपूटसुद्धा टाकत नाही. समुद्राला भ्याला, असं मात्र सगळे आवर्जून म्हणतात.

बिहीच्या आधीचा थोरला दा अबेल्ला त्या दगडावर बसायचा. कित्येक वर्षं बसला, चहा पीत, खालच्यांना शिव्या देत, मजेत. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. बिहीने त्याच्या मातीला हात लावला, मनापासून रडला, आणि परत येताना वाटेत तो मोकळा सपाट दगड दिसला तेव्हा त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. खोटं कशाला बोला!

तो थकला होता. कोणी विचारलं असतं तर त्याने कबूल केलं नसतं, पण थकवा आता हाडात मुरला होता. जन्मभर तो आकडेवाला. दोघं वरच्या कपारीत उभे राहून काठ्या धरायचे, गळ टाकायचे. मोठा मासा दमून पाण्यावर आला की बिही खडकात ठोकलेल्या खुंटीच्या दोराने खाली पायरीवर उतरायचा. पायरी कसली, लाट येऊन धुऊन जाईल असा वीतभर कठडा. एका हातात दोर, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा लोखंडी आकडा. लाट मागे सरली की आकडा माशाच्या गालफडात घालायचा आणि पुढची लाट यायच्या आत वर चढायचं. तरुणपणी यात मर्दुमकी वाटायची. आता सकाळी दोर हातात घेतानाच जिवावर यायचं.

संध्याकाळी घरी आल्यावर बायको इज्जा अर्गानच्या बियांचं तेल कोमट करून त्याच्या खांद्याला चोळायची.

"जरा हळू," बिही कण्हला. "खांदा आहे तो, कणीक नव्हे."

"कणीक बरी. कणीक कुरकुरत नाही."

"तुझे हात किती खरखरीत झालेत गं!"

"मग काय मेंदी लावून बसते का मी दिवसभर?" इज्जाने अंगठा आणखी जोरात दाबला.

ओहोटी लागली की इज्जा बायकांच्या वाटेने कड्याखाली उतरायची. खडकाला चिकटलेले काळे लांबट शिंपले, म्हणजे शिनाणे, लोखंडी उलथन्याने खरवडून काढायचे, ओली पोती पाठीवर बांधून वर आणायची, उकडायचे, वाळवायचे. त्यातले उत्तम ताजे शिनाणे बिहीच्या गळांसाठी बाजूला निघायचे. त्यांचं मांस दोऱ्याने गळाला गुंडाळलं की मासा हमखास यायचा. हे इतकी वर्षं चाललं होतं की बिहीला त्यात काही विशेष वाटत नसे. आमिष घरात असायचं, जसं पाणी घागरीत असतं.

"अबेल्ला गेला," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आता मीच थोरला."

"कोणात?"

"कोणात म्हणजे? उतरणाऱ्यांत."

इज्जाने पुन्हा वाटीत बोटं बुडवली. "मग डोकं मिळालं की काय करणार?"

"बसणार."

"नुसता?"

"नुसता. कोणी काही विचारायचं नाही, मी काही सांगायचं नाही. वरून धुकं बघत बसणार."

"मला नाही बाई जमायचं. मी बसले की झोपते," इज्जा म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून चुलीकडे गेली. तिथे शिनाणे उकळून फुटू लागले होते.

इज्जा बिहीपेक्षा तीन वर्षांनी मोठी. आधी ती त्याची वहिनी होती. थोरला भाऊ फ्रान्सच्या कोळशाच्या खाणीत गेला तो पेटीतच परत आला, आणि घरच्यांनी विशीच्या बिहीशी तिचा निकाह लावला. पुढे मुली झाल्या, त्या लग्न होऊन अगादीरला गेल्या. मुलगा झाला, त्याने कासाब्लांकात वाणसामानाचं दुकान टाकलं. तो तिथून साखरेच्या ढेपा आणि सल्ले पाठवायचा. वयाची गोष्ट मात्र नवरा-बायकोत कधी निघाली नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली पण कोणी न बोललेली अशी एखादी गोष्ट प्रत्येक घरात असते, तशी ती होती.

हिवाळा लागला. इथला हिवाळा म्हणजे तरी काय, सकाळी धुकं, दुपारी अंगावर झग्याचं ओझं होईल एवढं ऊन. समुद्र तेवढा बिघडतो. पाणी चहासारखं झालं तशी बिहीची नजर काठ्यांच्या टोकांवर खिळू लागली. काठ्या धरायचे बेलाईद आणि मूलिद. बेलाईद पन्नाशीचा, अंगाने आडवा आणि तोंडाने त्याहून आडवा. मूलिद तिशीचा, नवीन लग्न झालेला, त्यामुळे सदा अर्धवट झोपेत.

"काय दा बिही, घोळीची वाट बघतोस की काय?" बेलाईद रोज विचारायचा.

"मी कशाला बघू? यायची तेव्हा येईल."

"येऊ दे, येऊ दे. पण तुला एवढ्यात बसवणार नाही हां आम्ही! तू अजून घोडा आहेस, घोडा!"

बिहीला घोडा म्हटलेलं आवडायचं नाही. घोड्याला तरी कोणी सोडून देतं.

मग एक दिवस तो तिझ्नितला गेला, चुलतभावाच्या मातीला. दुसऱ्या दिवशी कड्यावर आला तर दोघं जरा जास्तच गप्प होते. बेलाईदने तर एकही टोमणा मारला नाही. दुपारी ओहोटीला बिही आकडा धुवायला खडकातल्या डबक्यापाशी गेला. डबक्यात खेकड्यांची झुंबड उडाली होती. त्याने आकड्याने दगड बाजूला सारले. खाली घोळीचं डोकं होतं. चांगलं मोठं, रुंद कपाळाचं, वर तीन दगड नीट रचून दाबलेलं. समुद्रात टाकलं असतं तर लाटेने पुन्हा पायरीवर आणून ठेवलं असतं, म्हणून ही अक्कल लढवलेली. एक डोळा खेकड्यांनी आधीच नेला होता.

बिही उकिडवा बसला आणि बघत राहिला. काल पहिली घोळ लागली होती. कापली होती. धड मासे घ्यायला येणाऱ्या व्हॅनवाल्याला गेलं असणार. आणि त्याचं जे होतं, ज्याच्यासाठी तो एवढा जीव ओढत आला होता, ते त्याच्या मित्रांनी खेकड्यांना घातलं होतं. का? काय वाकडं केलं होतं त्याने त्यांचं? त्याला संताप आला, पण संतापालाही अंगात बळ लागतं. त्याने दगड पुन्हा होते तसे रचले आणि वर गेला.

का ते त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं. तो पायरीवर उतरला होता, कडेला चिकटून लाट सरायची वाट बघत होता. वरच्या कपारीत दोघं बोलत होते, आणि समुद्र क्षणभर गप्प झाला की वरचं बोलणं त्या घळीतून थेट खाली यायचं.

"मला झोप येत नाही रे," मूलिद म्हणत होता. "रीत मोडली आपण. आज ना उद्या वाईट होणार."

"रीत गेली खड्ड्यात!" बेलाईदचा आवाज. "अबेल्लाला काय केलं त्या डोक्याने बघितलंस ना? बैलासारखा होता. दगडावर बसवला आणि वाळत वाळत गेला. दा बिही उतरतोय तोवर जगेल. त्याचा जीव त्या दोरात आहे."

"पण त्याला विचारलं असतं..."

"विचारतोस काय! डोकं दिलं तर तोंडात मारल्यासारखं होईल त्याला. जन्मभर आकडा धरलाय त्याने. म्हातारा झालास असं सांगू त्याला? माझ्याने नाही होणार." मग जरा थांबून, खालच्या आवाजात: "आणि त्याला बसवलं की थोरला कोण? मी! तोही असाच वाळून गेला की ते डोकं माझ्या हातात पडणार. माझ्या धाकट्याला अजून मिसरूड फुटलं नाही, बाबा. मला नाही बसायचं त्या दगडावर."

लाट आली, कमरेपर्यंत भिजवून गेली. बिहीचा खांदा दोराला लोंबकळून कळवळत होता. त्याला हसू आलं. एवढी माया! एवढ्या मायेपुढे माणसाने करायचं तरी काय? ओरडून सांगावं, अरे गाढवांनो, मला हवंय ते! पण ओरडून सांगणं म्हणजे मागणं, आणि मागितलं की गेलं. तो तसाच लोंबकळत राहिला. पायावर हात टेकून वर चढला तेव्हा बेलाईदने त्याला ओढून घेतलं आणि पाठीवर थाप मारली, नेमकी दुखऱ्या खांद्यावर.

"बघ मूलिद! म्हटलं नव्हतं, घोडा आहे!"

त्या रात्री बिही जेवणापुढे नुसता बसला. सातूच्या लापशीत तेलाचं आळं केलेलं, तेही बोटाने मोडलं नाही. इज्जाने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. तिच्याही पाठीला त्या दिवशी उसण भरली होती, ती भिंतीला हात लावून उठली. हे बिहीच्या डोळ्यांसमोर घडलं, पण तो आपल्याच दुःखात होता.

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी, धुकं अजून पाण्यावर लोळत असताना, त्याने दोर हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"आज काठी मी धरतो. मूलिद, तू उतर."

बेलाईदने डोळे बारीक केले. "का रे? बरं नाही का?"

"दोर ओला आहे."

"दोर समुद्रावर कधी कोरडा असतो?" बेलाईद म्हणाला, पण त्याने काठी दिली. "घे बाबा, हौस फिटू दे. बघ मूलिद, या वयात काठीची हौस! असा माणूस बसेल का कधी?"

बिहीने शिनाण्यांचा गोळा दोऱ्याने गळाला घट्ट गुंडाळला, दूर फेकला आणि शिशाचं वजन तळाला टेकल्याचं बोटांत जाणवेपर्यंत गळाचा दोर ताणला. मग त्याने डोळे मिटले. त्याला मासा नकोच होता. त्याला फक्त उभं राहायचं होतं.

आणि नेमकी तेव्हाच घोळ लागली.

पहिल्या झटक्यातच त्याने ओळखलं. बारीक मासा टोचतो, घोळ ओढते, कोणी पदर धरून बाजूला न्यावं तसं. आणि पाठोपाठ त्याला हेही कळलं की ही आपण वर काढली तर सगळंच फिसकटणार. पहिली घोळ धरणाऱ्याने डोकं द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. त्या आधीच्या घोळीचं तर दोघांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. म्हणजे हीच पहिली. दोर सैल सोडला की काम भागलं. गळ सुटेल, ती जाईल, उद्या ती किंवा तिची बहीण बेलाईदच्या काठीला लागेल, मूलिदला दया येईल, काहीतरी होईल. सोड, त्याने स्वतःला सांगितलं. सोड रे बाबा.

पण हातांना त्याचं ऐकायची सवय नव्हती. मासा लागला की धरायचा, एवढंच त्यांना ठाऊक. हातांनी रीळ फिरवलं, थोडा दोर दिला, पुन्हा घेतला. घोळ खडकाकडे वळली तसे त्याचे पाय आपोआप दोन पावलं डावीकडे सरकले. खांद्यातून कळ निघून कानापर्यंत गेली. तो मोठ्याने आईची आठवण काढत होता आणि काठी मात्र तसूभरही खाली जात नव्हती.

"घोळ! घोळ आहे!" बेलाईद नाचायला लागला. "दे दे, सैल दे! मूलिद, उतर! बिस्मिल्ला!"

मूलिद पायरीवर उतरला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याचा आकडा लागला. तिघांनी मिळून मासा वर घेतला. कपारीत पडल्यावरही तो पोटातून घुमत होता, घोळ घुमते तशी. चंदेरी, भली थोरली, दा अबेल्लाला डोकं मिळालं त्या वेळच्या घोळीहूनही मोठी. बिही तिच्याशेजारीच मटकन बसला. त्याला रडू येत होतं. दोघांना वाटलं, आनंदाने.

बेलाईदच्या तर अंगात आलं होतं. "याला म्हणतात नशीब! बघा आता. धरणाऱ्याने डोकं ठेवायचं नाही, खरं ना? आणि थोरला कोण? तोही दा बिहीच! मग आपल्याच हाताने आपल्यालाच कसं देणार? म्हणजे यंदा डोकं कोणालाच नाही. मिटलं! वर्षभर कोणी बसत नाही. मागच्यापेक्षा..." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

"असं कसं?" मूलिद ओला चिंब, दात वाजवत म्हणाला. एक डोकं वाया घालवल्याचं पाप त्याच्या मनाला लागलेलं होतं, दुसरं तो वाया जाऊ देणार नव्हता. "धरणारा सोडून उरलेल्यांत जो थोरला, त्याला मिळणार. म्हणजे तूच की, बेलाईद."

बेलाईदचा चेहरा पडला. इतका की बिहीला आपलं रडं विसरायला झालं.

"मी? माझं वय काय आहे! माझ्या कार्डावर चार वर्षं जास्त लागलीत, तेव्हाचा कारकून आंधळा होता. विचार कोणालाही! दा बिही, तू सांग ना याला. तुझ्यासमोर तर मी नागडा फिरायचो!"

"मला काय आठवतंय?" बिही म्हणाला. "माझं वय झालं."

त्याने सुरी घेतली. घोळीच्या कल्ल्यामागे पातं ठेवलं आणि सावकाश, हाडाचा सांधा शोधत, डोकं वेगळं केलं. बेलाईद त्याच्या सुरीकडे बकरी बघते तसा बघत होता. द्यावं का याला? मनात आलं, आणि गोडही वाटलं. ठेव तुझी माया तुझ्याजवळ, आणि घे हे, बस दगडावर, मग कळेल कोणाचा जीव कशात आहे. बिहीने डोकं दोन्ही हातांनी उचललं. जड होतं. त्याला आधार घ्यावा लागला म्हणून तो कपारीच्या कडेला टेकला, आणि त्याची नजर खाली गेली.

धुकं उठलं होतं. ओहोटी पुरती लागली होती. खाली डावीकडे, उघड्या पडलेल्या काळ्या खडकांवर बायका पसरल्या होत्या. कोवळ्या, चपळ, एकमेकींशी भांडणाऱ्या, कोणाच्या तरी सुना. त्यांच्या पलीकडे, सगळ्यांच्या पुढे, जिथे लाट फुटते तिथे एकटी इज्जा होती. शिनाणे तिथेच मोठे मिळतात. घागरा गुडघ्यांपर्यंत खोचलेला, पाठ कमरेतून मोडल्यासारखी वाकलेली. लाट आली की ती उलथनं खडकात रुतवून त्याला धरून उभी राहायची. लाट गेली की पुन्हा वाकायची. मग एकदा ती सरळ व्हायला गेली तर तिला होता येईना. ती तशीच, अर्धी वाकलेली, कमरेवर हात ठेवून थांबली, जणू काही पडलेलं शोधते आहे.

बिही बघतच राहिला. ज्या आमिषाने ही घोळ आली ते काल तिने इथून खरवडलं होतं. ती या कड्याखाली उतरू लागली तेव्हा हा डोंगरात शेळ्यांमागे होता. आणि रोज संध्याकाळी त्याने तिच्यापुढे खांदा उघडा करून म्हटलं होतं, हळू.

त्याची त्यालाच लाज वाटली.

"मूलिद," तो म्हणाला, "या कड्याखाली कोण कोण उतरतं रे?"

"आपण तिघं. पलीकडच्या कपारीतले ते दोघे भाऊ. मग..."

"आणि?"

"आणि कोण? झालं."

"खाली बघ."

मूलिदने बघितलं. बेलाईदनेही.  मग बेलाईदला आपली सुटका दिसू लागली, तरी सवयीने, थोरल्या बाईला लावायचं मानाचं "लल्ला" लावून, तो म्हणालाच, "लल्ला इज्जा? अरे पण त्या तर बायकांच्या वाटेने उतरतात."

"वाट वेगळी असेल. लाट वेगळी आहे का?"

"नाही, पण असं कधी कोणी..."

"ती माझ्याहून मोठी आहे," बिही म्हणाला.

एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं होतं.  गावातल्या सगळ्यांना माहीत असलेलं बोलून टाकायला असा कितीसा वेळ लागतो, पण बिहीला वाटलं आपण घोळीपेक्षा जड काहीतरी वर ओढलं. त्याने डोकं छातीशी धरलं आणि बायकांच्या वाटेने खाली निघाला. या वाटेने तो आयुष्यात उतरला नव्हता. त्याला वाटायचं ती सोपी असेल. अर्ध्यातच त्याला कळलं की इथे धरायला दोरसुद्धा नाही.

तरण्या बायका खरवडायचं थांबवून बघू लागल्या. एकीने तोंडाला पदर लावला. इज्जा त्याला येताना बघून घाबरली.

"काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही. हे घे."

"हे काय?"

"डोकं. पहिल्या घोळीचं."

"ते दिसतंय मला. कोणाकडे द्यायचंय?"

"तुलाच."

इज्जाने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "या वयात चेष्टा करतोस होय रे माझी? सगळ्या पोरींसमोर?"

"चेष्टा नाही. इथे उतरणाऱ्यांत थोरली तू आहेस. बेलाईद आणि मूलिद साक्षीला आहेत, वर बघ."

तिने वर बघितलं. कपारीतून बेलाईद दोन्ही हात हलवत होता, कोणाचं लग्न ठरल्यासारखा. इज्जाचा चेहरा लाल झाला. "ते थोरलीबिरली चारचौघांत बोलायची गरज होती?" ती पुटपुटली. लाट आली, दोघांच्या पोटऱ्या भिजवून गेली. मग तिने हळूच विचारलं, "आणि तू?"

"मी अजून लहान आहे," बिही म्हणाला.

ती हसली नाही. तिने उलथनं खडकावर ठेवलं, ओले हात घागऱ्याला पुसले, तरी ते ओलेच राहिले. मग दोन्ही हात पुढे केले. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यांत मीठ गेलेलं होतं. त्या हातांनी तिने डोकं घेतलं आणि लाटेपासून वर धरलं.

"गालफडं तू खा," ती म्हणाली. "डोळे मी खाईन."

संध्याकाळी तिने जिरं, टोमॅटो आणि मुरवलेलं लिंबू घालून डोकं शिजवलं. दोघांनी एकाच थाळीत खाल्लं. त्या दिवशी खांद्याला तेल लावायचं त्याने तिला सांगितलं नाही, स्वतःच डाव्या हाताने लावायला गेला आणि निम्मं जाजमावर सांडलं. इज्जा मनसोक्त ओरडली. मग म्हणाली, "उद्यापासून आमिषाचं काय?" बिहीने याचा विचारच केला नव्हता. तो बराच वेळ विचार करत बसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की विचार करण्यासारखं त्यात काही नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो बायकांच्या वाटेने खाली उतरला, इज्जाचं उलथनं आणि इज्जाचं पोतं घेऊन. भरती आली की पुन्हा दोर आणि आकडा होताच. पोरी पदराआड खिदळत होत्या. "दा बिही, घागरा नाही आणलास?" एकीने विचारलंच. त्याने उलथनं खडकाला लावलं. पहिला शिनाणा निघायला त्याला इतका वेळ लागला की पोरींना त्याची दया आली आणि त्या गप्प बसल्या.

वर सपाट दगडावर इज्जा बसली होती. शेजारी किटली, पुढ्यात टोपली. आधी तिला हात कुठे ठेवावे ते कळेना. तिने टोपली तीनदा सरकवली, दगडावरची वाळू झाडली, चहा ओतला आणि पुन्हा किटलीत घातला. बेलाईद आला. सुटल्याचा आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता. त्याने सगळ्यात चांगला मासा टोपलीत टाकला आणि सलामाला हात कपाळाशी नेऊन म्हणाला, "लल्ला इज्जा, शंभर वर्षं बसा!"

"तू आधी तुझी टोपी धू," इज्जा म्हणाली. मग तिची नजर खाली गेली आणि ती कड्यावरून ओरडू लागली. "अरे बारके सोड! बारके काढू नकोस, ते वाढू देत! आडवं धर उलथनं, आडवं! लाटेकडे पाठ करू नकोस, कितीदा सांगायचं!"

एकदाही सांगितलेलं नव्हतं, पण बिहीने उलथनं आडवं धरलं. खांदा पेटला होता. पाठीचं काय होतंय हे तर त्याला आज नवीनच कळत होतं. वरून सूचना येत होत्या, येत होत्या, मग कमी झाल्या, मग बंद झाल्या. काही वेळाने त्याला ती शांतता जाणवली. इज्जाला काही झालं की काय, म्हणून त्याने घाबरून वर पाहिलं.

ती झोपली होती. बसल्या जागी, हनुवटी छातीवर टेकलेली, तोंड उघडं, एक हात टोपलीत माशांवर पडलेला. तोंडावर चांगलं ऊन आलं होतं. एवढ्या संसारात बिहीने तिला उजेडात झोपलेली कधी पाहिली नव्हती. तो उठायच्या आधी ती उठलेली असायची, तो झोपल्यावर ती झोपायची. झोपेत तिचा चेहरा कसा होतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हातारा झाला होता तो चेहरा. कधी झाला?

कपारीतून बेलाईदने तिला पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. बिहीने खालूनच उलथनं उगारलं. बेलाईदने तोंड मिटलं.

त्या दगडाचा बिहीला अजूनही हेवा वाटत होता, नाही म्हणायचं काही कारण नाही. पण पोतं अजून अर्धंही भरलेलं नव्हतं. तो पुन्हा वाकला आणि शिनाणे खरवडू लागला, हळूहळू, लोखंड दगडावर वाजणार नाही अशा बेताने. एवढ्या लाटांच्या आवाजात ते वर कोणाला ऐकू जाणार होतं म्हणा, पण तरी.